यूपीएस वाजतोय? आधी ऐका, मग हात लावा

सेतू केंद्र, डॉक्टरांचा दवाखाना, पतसंस्थेचा काउंटर, सोसायटीचं ऑफिस, घरातला कॉम्प्युटर. टेबलाखालचा यूपीएस वाजायला लागला की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. कुणीतरी वाकून बटण दाबतं, आवाज थांबतो आणि काम पुढे सुरू होतं. काही ठिकाणी तर कटकट नको म्हणून रिपेअरवाल्याकडून आतला बझरच काढून घेतलेला असतो. पुढे जीएसटी रिटर्नच्या २० तारखेला लाईट जाते, यूपीएस चकार शब्द न काढता बंद पडतो आणि दुपारभर केलेल्या नोंदी जातात.

यूपीएस उगाच वाजत नाही. प्रत्येक आवाजातून तो लाईटबद्दल, बॅटरीबद्दल किंवा लोडबद्दल काहीतरी सांगत असतो. कोणता आवाज कशाचा हे ओळखता आलं तर बहुतेक वेळा काम वाचतं, बॅटरी जास्त टिकते आणि क्वचित होणारा मोठा अपघातही टळतो. ही ओळख लाईट असताना, निवांतपणे करून घ्यायची आहे. अंधारात, आवाजाच्या भडिमारात ती होत नाही.

पहिल्या पाच सेकंदांत काय पाहायचं

आवाज सुरू झाला की यूपीएसकडे धावू नका. आधी खोलीतला पंखा आणि ट्यूबलाईट पाहा. लाईट गेली असेल तर यूपीएस वाजणं स्वाभाविक आहे. लाईट असूनही तो वाजत असेल तर कारण वेगळं आहे आणि ते शोधावं लागेल.

मग आवाजाची लय ऐका: मध्ये बराच वेळ थांबून येणारी बीप, घाईघाईची बीप की न तुटणारा सलग आवाज? शेवटी पुढचा दिवा किंवा डिस्प्ले पाहा. डिस्प्लेवर एखादा आकडा किंवा एरर कोड दिसत असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. बंद करून चालू केल्यावर तो कोड अनेकदा निघून जातो आणि मेकॅनिकला सांगायला हाताशी काहीच उरत नाही.

बीपचा नेमका हिशोब कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतो. एपीसीच्या बॅक-यूपीएसमध्ये बॅटरीवर गेल्यावर दर ३० सेकंदांनी चार बीप वाजतात. दुसऱ्या एखाद्या यूपीएसमध्ये दर काही सेकंदांनी एकच वाजते. त्यामुळे आपल्या यूपीएसचं माहितीपत्रक एकदा वाचायलाच हवं. ते हरवलं असेल तर मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर शोधा. मात्र सर्वसाधारण रीत बहुतेक सगळीकडे सारखी आहे.

थांबून थांबून बीप: बॅटरीवर चाललोय

लाईट गेली, यूपीएसने बॅटरीवरून पुरवठा सुरू केला, एवढाच याचा अर्थ. बिघाड काही नाही, पण घड्याळ सुरू झालंय. हातातलं काम लगेच सेव्ह करा. टॅलीत अर्धवट असलेली एंट्री पूर्ण करून ठेवा. प्रिंट काढायला घेऊ नका. नको असलेला दुसरा मॉनिटर बंद करा. हे झाल्यावर बटण दाबून बीप बंद केली तरी चालेल. ती सोय त्यासाठीच दिलेली असते.

हातात किती वेळ आहे, याचा अंदाज बांधता येतो. बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अॅम्पिअर-तासाची एकच सीलबंद बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १५० वॅट घेत असतील तर अर्धा तास बॅकअप मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवरही दहा-बारा मिनिटांच्या आसपासच मिळतात. कारण ७ अॅम्पिअर-तास ही क्षमता बॅटरी २० तासांत हळूहळू उतरवली तर मिळते. एकदम पंधरा-सोळा अॅम्पिअर ओढले की तीच बॅटरी निम्मीच ताकद देते, आणि डीसीचं एसी करताना त्यातलीही काही वाया जाते. त्याच यूपीएसवर फक्त दहा-बारा वॅटचा वायफाय राऊटर ठेवला तर तो तासाभराहून अधिक चालतो. म्हणून लाईट गेल्यावर कॉम्प्युटर लवकर बंद करून राऊटर चालू ठेवणं आणि पुढचं काम लॅपटॉपवर करणं केव्हाही शहाणपणाचं.

घाईघाईची बीप: आता आवरा

बीपमधलं अंतर कमी होऊन ती भराभर वाजायला लागली की बॅटरी संपत आली. इथे ‘एवढा एक मेल पाठवतो’ म्हणू नका. सगळं बंद करून कॉम्प्युटर शटडाऊन करा. विंडोजला शटडाऊन व्हायलाही एखादं मिनिट लागतं आणि मध्येच अपडेट सुरू झालं तर आणखी जास्त. ही बीप अनेक मॉडेलमध्ये बटणाने बंद होत नाही, आणि होऊही नये.

पुढची पायरी बहुतेकांकडून राहते. कॉम्प्युटर बंद झाल्यावर यूपीएसही त्याच्या बटणाने बंद करा. तो चालू राहिला तर बॅटरी तळापर्यंत उतरते. शिसे-आम्लाच्या बॅटरीला असं पूर्ण उतरणं आणि मग तसंच रिकामं पडून राहणं सोसत नाही. आतल्या प्लेटवर सल्फेटचे कठीण थर जमतात आणि बॅटरी पूर्वीइतकं चार्ज घेईनाशी होते. लाईट आल्यावर यूपीएसचा प्लग लावून बोर्डाचं बटण चालू ठेवा. पूर्ण चार्ज व्हायला सहा ते आठ तास लागतात. अर्ध्या तासात पुन्हा लाईट गेली आणि बॅकअप दोनच मिनिटं मिळाला तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका, तिचं पोट भरलेलंच नव्हतं.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर तो कॉम्प्युटरला जोडा. बॅटरी खाली आली की कॉम्प्युटर स्वतःहून बंद होईल अशी सेटिंग विंडोजमध्ये करता येते. रात्रभर चालणारा सर्व्हर किंवा बॅकअपची डिस्क असेल तर हे हवंच, कारण तिथे बीप ऐकायला कुणी नसतं.

सलग आवाज: लोड झेपत नाही

न थांबणारा आवाज बहुधा ओव्हरलोडचा असतो. ६०० व्हीए वाचून अनेकांना वाटतं की ६०० वॅटपर्यंत काहीही लावता येईल. लेबलवर त्याच्या शेजारीच वॅटचा आकडा असतो. असा यूपीएस अनेकदा ३६० वॅटचाच असतो. बेरीज करताना वॅटचा आकडा धरा आणि त्याच्या ७०-८० टक्क्यांवर थांबा.

एखाद्या छोट्या ऑफिसचा हिशोब करून पाहू. कॉम्प्युटर १२० वॅट, मॉनिटर २५, राऊटर १२, शाईच्या टाकीचा प्रिंटर २०. बेरीज १७७ वॅट, म्हणजे यूपीएस आरामात आहे. आता शाईच्या प्रिंटरच्या जागी लेझर प्रिंटर आला. तो नुसता उभा असताना काही वॅटच घेतो, पण प्रिंट दिली की आतला रोलर तापवायला त्याला सहज ८०० वॅटच्या पुढे लागतात. म्हणजे दर पानाला यूपीएसवर दुपटीहून जास्त ओझं पडतं. लाईट असताना कदाचित नुसता आवाज होऊन भागेल. बॅटरीवर असताना यूपीएस सगळ्यांचाच पुरवठा तोडेल. लेझर प्रिंटर, झेरॉक्स मशीन, चहाची किटली, इस्त्री, पंखा, मोबाइलची पाच चार्जरं लावलेला एक्स्टेंशन बोर्ड, यांची जागा यूपीएसवर नाही.

सलग आवाज आला की शेवटी काय लावलं किंवा चालू केलं ते आठवा आणि ते काढा. आवाज थांबला तर कारण सापडलं. सगळा लोड काढूनही आवाज सुरूच असेल तर ती ओव्हरलोडची गोष्ट नाही, पुढे फॉल्टबद्दल लिहिलंय ते वाचा.

लाईट आहे, तरी वाजतोय

मेकॅनिकला सर्वाधिक फोन याच तक्रारीचे जातात, आणि त्यातली निम्मी कारणं यूपीएसच्या बाहेरच असतात.

पहिल्यांदा सर्वांत साधी गोष्ट तपासा: प्लग सॉकेटमध्ये सैल झालाय का, बोर्डाचं बटण झाडताना बंद झालंय का. नंतर यूपीएसच्या मागचा फ्यूज किंवा दाबायचं छोटं सर्किट ब्रेकर पाहा. ते उडालं असेल तर यूपीएसला लाईट पोचतच नाही आणि तो बॅटरी संपेपर्यंत वाजत राहतो.

दुसरं कारण व्होल्टेज. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. शेतीपंप सुरू झाले किंवा उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी एकाच वेळी लागले की लाईनच्या टोकाच्या घरात व्होल्टेज बरंच खाली येतं. ट्यूब मिणमिणते, पंखा संथ होतो, आणि यूपीएस आतून टक-टक असा रिलेचा आवाज करत व्होल्टेज सावरत राहतो. त्याच्या मर्यादेखाली गेलं की तो लाईट असूनही बॅटरीवर जातो आणि वाजतो. हे दिवसातून अनेकदा झालं तर बॅटरीला पूर्ण चार्ज व्हायची उसंतच मिळत नाही. ठरावीक वेळीच असं होतंय का, ते दोन-तीन दिवस वहीत टिपा आणि त्या नोंदीसह १९१२ वर वीज कंपनीकडे तक्रार करा. ‘व्होल्टेज कमी येतं’ यापेक्षा ‘रोज संध्याकाळी सात ते नऊ’ असं सांगितलं की लाईनमनला शोधणं सोपं जातं. एकाच खोलीत किंवा एकाच बोर्डावर असं होत असेल तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये आहे. वायरमनला बोलावून सैल न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून घ्या. सैल न्यूट्रलने व्होल्टेज कमीच नव्हे, धोकादायकरीत्या जास्तही होऊ शकतं.

तिसरं कारण घरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर यूपीएस लावला तर अनेकदा तो ही वीज खराब समजून नाकारतो आणि स्वतःची बॅटरी खर्च करतो. म्हणजे इन्व्हर्टर चालू असूनही दहा मिनिटांत कॉम्प्युटर बंद. सायनवेव्ह इन्व्हर्टरवर ही अडचण सहसा येत नाही. तुमच्या इन्व्हर्टरला मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा स्विच असेल तर कॉम्प्युटरसाठी तो ‘यूपीएस’वर ठेवा, लाईट जाताना बदल पटकन होतो. छोट्या जनरेटरवर ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी हलत राहिली तरी यूपीएस असाच रुसतो. जनरेटर स्थिर झाल्याशिवाय यूपीएस त्याच्यावर घेऊ नका.

या तिन्हींतलं काही नसेल, लाईट-व्होल्टेज ठीक असेल आणि तरी ठरावीक वेळाने आवाज येत असेल, शिवाय बॅटरीचा लाल दिवा लागत असेल, तर यूपीएस बॅटरी बदलायला सांगतोय.

बॅटरी गेली की नाही, कसं ओळखायचं

यासाठी कॉम्प्युटर पणाला लावू नका. यूपीएस रात्रभर चार्ज करा. सकाळी कॉम्प्युटरचे प्लग काढा आणि जागी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब होल्डरसह लावा. बल्ब पेटला की बोर्डाचं बटण बंद करा, यूपीएसचा प्लग सॉकेटमध्येच राहू द्या. आता घड्याळ पाहा. एका ७ अॅम्पिअर-तासाच्या बॅटरीवर बल्ब पंधरा मिनिटांच्या आसपास चालला तर बॅटरी ठीक आहे. पाच मिनिटांच्या आत मान टाकली तर ती बदलायला हवी. बटण बंद करताक्षणी बल्ब विझला तर बॅटरी पूर्ण बसलीय किंवा तिची जोडणी निघालीय. पहिली घाईची बीप कितव्या मिनिटाला वाजली तेही लिहून ठेवा. त्यानंतर तुमच्याकडे नेमका किती वेळ असतो ते त्यातून कळेल.

ही बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांची असते, पण हा हिशोब २५ अंश तापमानाचा. तापमान सात ते दहा अंशांनी वाढलं की आयुष्य सुमारे निम्मं होतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा ठिकाणी बंद कपाटात कोंबलेल्या यूपीएसची बॅटरी दोन वर्षांतच बसली तर दुकानदाराने फसवलं असं नाही. यूपीएसभोवती चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवा. थेट जमिनीवर नको, फरशी पुसताना पाणी आत जातं. पावसाळ्यात भिंतीच्या ओलीपासूनही दूर ठेवा.

बदलताना तेवढ्याच व्होल्टची आणि तेवढ्याच अॅम्पिअर-तासाची बॅटरी घ्या. बॅटरीवरची निर्मितीची तारीख पाहा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली नवी बॅटरी नवी नसते. आत दोन किंवा अधिक बॅटऱ्या असतील तर सगळ्या एकदम बदला, एक जुनी राहिली तर ती नव्यांनाही खाली ओढते. बसवल्यावर मार्करने बॅटरीवर आणि यूपीएसच्या अंगावर तारीख लिहा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, त्यात शिसं आणि आम्ल असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला ती परत द्या. तिचे थोडेफार पैसेही वळते होतात.

इथे स्वतः काही करायचं नाही

लोड काढूनही सलग आवाज, डिस्प्लेवर फॉल्टचा कोड, जळका वास, कुजक्या अंड्यासारखा वास, हाताला चटका बसेल इतकी गरम बॉडी, किंवा बॅटरी फुगून यूपीएसचं झाकण वर आलेलं, यांपैकी काहीही दिसलं तर प्रयोग बंद. बोर्डाचं बटण बंद करा, यूपीएस बटणाने बंद करा, मग प्लग काढा, जोडलेली उपकरणं सोडवा आणि मेकॅनिकला बोलावा. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे बॅटरी जादा चार्ज होऊन त्यातून विषारी वायू निघतोय. खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर या. धूर किंवा ज्वाळा असतील तर पाणी टाकू नका. मेन स्विच बंद करून कोरड्या पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक वापरा. ते नसेल तर बाहेर पडून १०१ ला फोन करा.

एक गोष्ट घरातल्या, ऑफिसातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला म्हणजे तो मेला असं नाही. आत बॅटरी आहे, आणि यूपीएस चालू असेल तर मागच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट तसेच असतात. उलट प्लग काढल्याने अर्थिंग मात्र तुटतं. बँका, दवाखान्यांतल्या मोठ्या ऑनलाइन यूपीएसमध्ये तर बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं. त्याचं झाकण उघडणं हे प्रशिक्षित माणसाचंच काम.

या ऑनलाइन यूपीएसचा आणखी एक आवाज ओळखायला हवा: बायपासचा. तो वाजत असतो तेव्हा उपकरणांना लाईनची वीज थेट मिळत असते. सगळं चालू दिसतं, पण लाईट गेली की त्याच क्षणी सगळं बंद होणार. बायपासचा दिवा दिसला तर ‘चालतंय ना’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी सर्व्हिसवाल्याला कळवा.

सुट्टीनंतरची शाळा

उन्हाळी सुट्टीत संगणक कक्ष दीड महिना बंद असतो. बॅटऱ्या पडून पडून आपोआप उतरतात आणि जूनच्या मध्यावर वर्ग उघडला की एकामागून एक यूपीएस ओरडू लागतात. सुट्टी लागण्याआधी सगळे यूपीएस पूर्ण चार्ज करून बटणाने बंद करा, आणि शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी आठ तास चार्जिंगला लावा. तरीही जे वाजतील त्यांचीच बल्बची चाचणी घ्या. सगळ्याच बॅटऱ्या एकगठ्ठा बदलण्याचा खर्च यामुळे वाचतो.

भिंतीवरचा कागद

या सगळ्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तुम्ही नसताना टेबलावर बसलेल्या माणसालाही ते कळेल. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि यूपीएसजवळ चिकटवा:

१. थांबून थांबून बीप: लाईट गेली. काम सेव्ह करा.
२. भराभर बीप: लगेच शटडाऊन. नंतर यूपीएसही बंद करा.
३. सलग आवाज: शेवटी लावलेली वस्तू काढा.
४. लाईट असताना बीप: प्लग, फ्यूज, व्होल्टेज पाहा. मग बॅटरी.
५. वास, धूर, फुगवटा: बंद करा, दूर व्हा, फोन करा.

खाली बॅटरीची तारीख, चाचणीत मिळालेली मिनिटं आणि मेकॅनिकचा नंबर लिहा. मग एखाद्या दिवशी काम संपल्यावर, सगळं सेव्ह करून, सगळ्यांना बोलावून बोर्डाचं बटण बंद करा आणि यूपीएस कसा वाजतो ते ऐकवा. दर तीन महिन्यांनी हा सराव करा आणि कागदावरची मिनिटं नव्याने लिहा. मागच्या वेळी बारा होती आणि आता सहा झाली असतील, तर पुढची लाईट जाण्याची वाट न पाहता बॅटरी मागवा. हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या या बॅटरीवर दिवसभराच्या नोंदी, रुग्णांची माहिती आणि ग्राहकांचे पैसे विसंबून असतात. आणि बझर काढून टाकलेला असेल तर तो आजच परत बसवून घ्या.